पिवळ्या पट्ट्याचा झेंडा

चष्मेवाला आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा बंदरातली सगळी वाहतूक ठप्प झाली होती. निदान सासऱ्यांचं म्हणणं तसं होतं, आणि पुढे दर वर्षी त्या ठप्प झालेल्या वाहतुकीत एकेका जहाजाची भर पडत गेली. पहिल्या वर्षी फक्त फेरीबोट थांबली होती. लग्नाला पाच वर्षं होईपर्यंत तिच्या मागे दोन मालवाहू जहाजं उभी राहिली होती, जहाजं ओढणाऱ्या एका बोटीने घाईघाईत तोंड फिरवलं होतं, आणि एका तेलवाहू जहाजाच्या कप्तानाने म्हणे तिथल्या तिथे समुद्रावरचा धंदा सोडून कोंबड्या पाळायचं ठरवलं होतं.

घडलं होतं ते एवढंच. बंदराच्या टेकडीवर, एकशे चाळीस पायऱ्या चढून गेल्यावर, बावटाघर होतं. चष्मेवाला चष्म्यांचं दुकान बंद ठेवून मुलीच्या वडिलांची परवानगी मागायला नव्या बुटांत त्या पायऱ्या चढला. बूट चावत होते, सदरा पाठीला चिकटला होता आणि काय बोलायचं ते नव्वदाव्या पायरीवरच विसरून झालं होतं. वर कठड्याशी मुलगी उभी दिसली तेव्हा त्याने खिशातला रुमाल काढून हलवला. रुमाल त्याच्या आईने निवडलेला, टेबलावर अंथरता येईल एवढा मोठा, लाल आणि पांढऱ्या चार चौकटींचा.

दुसऱ्याच क्षणी कोणीतरी त्याचं मनगट धरलं आणि हात हळूहळू, सरळ रेषेत, अत्यंत आदबीने खाली आणला. तो हात मुलीच्या वडिलांचा, बावटेमास्तरांचा होता. उंच, वाळलेला, ताठ माणूस. दुरून पाहणाऱ्याला झेंड्याची काठी कुठली आणि मास्तर कुठले ते सांगता आलं नसतं.

"आत्ता तुम्ही काय म्हणालात, कळतंय का तुम्हाला?"

"मी कुठे काय म्हणालो? रुमाल हलवला नुसता."

"लाल-पांढऱ्या चार चौकटी. म्हणजे, तुम्ही धोक्याकडे निघाला आहात. सगळ्या समुद्रांवर याचा हाच अर्थ आहे."

यावर चष्मेवाल्याने एकदा मुलीकडे आणि एकदा मास्तरांकडे पाहून "मग बरोबरच आहे" असं म्हटलं, असं त्याची बायको सांगते. तो स्वतः म्हणतो की त्याने फक्त पाणी मागितलं होतं. परवानगी मिळाली. रुमाल मात्र जप्त झाला.

बावटेमास्तर चौतीस वर्षं त्या टेकडीवर होते. जुन्या पद्धतीचं लहान बंदर ते. मोठ्या जहाजांवर वायरलेस असायचा, पण फेरीबोटी आणि मच्छीमार मान वर करून टेकडीवरचं निशाण बघत आणि मगच आत शिरत. बावटाघराच्या आतल्या भिंतीला एक उंच लाकडी कपाट होतं. त्याच्या अर्ध्या खणांत अक्षरांचे आणि आकड्यांचे बावटे, उरलेल्या अर्ध्यांत देशोदेशींचे झेंडे. मास्तर कोणताही बावटा न बघता काढत. चौतीस वर्षांत एकही चुकीचा बावटा वर गेला नव्हता आणि एकही जमिनीला लागला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी बोलत नसत. ते सासूबाई बोलत, आणि मास्तर त्या वेळी खिडकीबाहेर बघत उभे राहत, बोलणं संपेपर्यंत.

मास्तरांच्या घरी कपडे वाळत घालणं हे जोखमीचं काम होतं. पिवळी चादर एकटी वाळत घालायची नाही, कारण नुसता पिवळा बावटा म्हणजे 'माझ्या जहाजावर रोगराई नाही, मला बंदरात येऊ द्या'. त्यावर सासूबाई म्हणत, की पाहुणे यायचे ते येतातच, तुमच्या चादरीला विचारून येत नाहीत. एकाच दोरीवर एक झेंडा वर आणि दुसरा खाली, असंही चालायचं नाही. जुन्या लढायांत जिंकलेल्या जहाजावर जिंकणाऱ्याचा झेंडा वर आणि हरलेल्याचा त्याच दोरीवर खाली लावायचे. म्हणून शांततेच्या काळात दोन देश एका दोरीवर कधी लावत नाहीत. मास्तरांचा सदरा आणि सासूबाईंचा झगा त्यामुळे कायम शेजारी शेजारी, समान उंचीवर वाळत. व्यापारी जहाज लढाऊ जहाजासमोरून जाताना आपला झेंडा थोडा खाली घेतं आणि समोरून उत्तर येईपर्यंत तसाच ठेवतं, हा नियम कळल्यापासून चष्मेवाल्याने सासऱ्यांसमोर मान झुकवली की तो उत्तराची वाट बघत तसाच उभा राही. एकदा मास्तर नोंदवही लिहीत होते. पाच मिनिटं गेली. मान अवघडली. सासूबाईंनी येऊन सांगितलं, "अहो, त्यांना सरळ करा आता, जेवायचंय."

मास्तरांचा सख्खा भाऊ गेला त्या दिवशीची गोष्ट मात्र चष्मेवाल्याला हसण्यावारी नेता येत नसे. मोठं माणूस गेलं की झेंडा अर्ध्यावर येतो. आधी टोकापर्यंत चढवायचा, मग अर्ध्यावर आणायचा, आणि संध्याकाळी उतरवतानाही आधी टोकापर्यंत न्यायचा. मास्तरांचा भाऊ सुतार होता. सुतारासाठी झेंडा खाली येत नाही. मास्तर त्या सकाळी काठीपाशी गेले, रिकामी दोरी टोकापर्यंत चढवली, अर्ध्यावर आणली, आणि कप्पीला तेल घालायचं होतं असं सांगून घरात आले.

अशा माणसाने एका दुपारी जेवायला बसताना विचारलं, "आज पिवळी चादर का अंथरली आहे?"

चादर पांढरी होती. नवी कोरी, दुकानातल्या घड्यांच्या खुणाही न गेलेली. सासूबाईंना वाटलं, चेष्टा करतायत. मुलीला वाटलं, बाबांना चेष्टा करता येऊ लागली. चष्म्याच्या दुकानात बारा वर्षं काढलेला जावई मात्र सासऱ्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

त्याने दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना चष्म्याची दांडी घट्ट करून देतो असं सांगून दुकानात बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांवर बारीक बॅटरी धरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला, मधाच्या रंगाचा. या माणसाला जग चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं दिसत असणार. आकार दिसत होते. लाल-निळं ओळखू येत होतं. पांढरं आणि पिवळं मात्र एकच झालं होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मास्तरांनी आधी उठून दुकानाचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "वर्ष झालं असेल."

बावटेमास्तरांना शस्त्रक्रियेची भीती नव्हती. त्यांना एका कागदाची भीती होती. ऑफिसला कळलं तर त्याच दिवशी 'दृष्टिदोषामुळे अपात्र' असा कागद निघणार. टेकडीवरून खाली उतरायचं ते त्या कागदासकट. निवृत्तीला सात महिने राहिले होते. सात महिने निभावले की चौतीसाची पस्तीस वर्षं होणार, एकही चूक नाही, आणि मग खुशाल डोळे कापा, काढा, बदला. ऑफिसच्या डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता त्यांना केव्हाच पाठ झाला होता. बावटे खणांवरून आणि शिवणीवरून हाताला कळत होते. अडचण फारशी नव्हतीच.

"कोणाला सांगायचं नाही, जावईबापू. तुमच्या सासूबाईंना तर नाहीच नाही."

"पण बाबा, एखादा बावटा चुकला तर? बोट आपटली, माणसं गेली तर?"

मास्तरांनी समोरची एक रिकामी फ्रेम उचलली आणि परत जागेवर ठेवली. "तुम्हाला काय वाटतं, मला भीती वाटत नाही?" ते म्हणाले. "दोरी ओढायच्या आधी आता मी दर वेळी बावटा दोनदा चाचपून बघतो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा."

चष्मेवाल्याने शब्द दिला आणि त्या दिवसापासून त्याच्या झोपेचं खोबरं झालं. बंदरातून भोंगा वाजला की त्याच्या हातातलं भिंग घसरून पडे. एका बाईंना त्याने त्या आठवड्यात त्यांच्या यजमानांचा चष्मा दिला, आणि त्यांनीही तो आठ दिवस मुकाट्याने वापरला. शेवटी त्याने दुकान उघडायच्या आधी रोज टेकडी चढायला सुरुवात केली. बायकोला सांगितलं, व्यायाम. ती म्हणाली, कमरेवर तर काही परिणाम दिसत नाही. वर जाऊन तो धुतलेले बावटे योग्य खणांत आहेत की नाहीत ते बघे, दिवसभरात लागणारे बाजूला काढून देई आणि धापा टाकत खाली येई. पाच महिने असे गेले. दोन उरले.

आणि लढाऊ जहाज येणार अशी बातमी आली.

परक्या देशाचं लढाऊ जहाज पाहुणं म्हणून येतं तेव्हा ते तोफांची सलामी देतं आणि किनारा तेवढ्याच तोफांनी उत्तर देतो. किनाऱ्यावरची पहिली तोफ सुटली की त्याच क्षणी पाहुण्यांचा झेंडा काठीच्या टोकावर उघडायचा. झेंडा फडफडत वर चढवत नाहीत. त्याची घट्ट गुंडाळी करतात, दोरीचा एक सैल फास घालतात, गुंडाळी आधीच टोकाला नेऊन ठेवतात. तोफ झाली की खालून एक झटका, फास सुटतो आणि झेंडा एकदम उघडतो. मास्तरांचा हा हातखंडा होता. खालून बघणाऱ्यांना झटका दिसतही नसे.

पाहुण्यांचा देश हा पूर्वी एका मोठ्या देशाचा अर्धा भाग होता. दहा वर्षं आपसांत लढून त्याचे दोन देश झाले होते, आणि झेंडा कोणाचा यावरूनच निम्मी माणसं मेली होती म्हणतात. शेवटी दोघांनी तोच घेतला. बाजूला दोन निळे उभे पट्टे, मध्ये एक. एकाचा मधला पट्टा पांढरा, दुसऱ्याचा पिवळा. कापड तेच, माप तेच, शिवण तीच. दोघांची व्यापारी जहाजं येत, म्हणून दोन्ही झेंडे कपाटात होते. येणारे पाहुणे पिवळ्या पट्ट्याचे. त्यांच्या तोफांसमोर त्यांच्या वैऱ्याचा पांढरा पट्टा उघडला तर काय होईल, याचा विचार चष्मेवाला करू लागला की त्याला दरदरून घाम फुटे.

त्यातून समारंभाच्या दिवशी बाहेरच्या माणसाला टेकडीवर मज्जाव होता. जावई असला तरी बाहेरचाच. म्हणून दोन दिवस आधी चष्मेवाल्याने वर जाऊन पिवळ्या पट्ट्याच्या झेंड्याला, दोरीकडच्या जाड काठाच्या आत, सदऱ्याचं एक लहानसं बटण शिवलं. मास्तरांनी ते चार वेळा चाचपून पाहिलं. डोळे मिटून पाचव्यांदा पाहिलं. "झालं," ते म्हणाले. जावयाच्या खांद्यावर त्यांनी पहिल्यांदाच हात ठेवला, आणि लगेच उचललाही.

समारंभाच्या सकाळी धक्क्यावर ही गर्दी होती. चष्मेवाला बायकोबरोबर दोरखंडाच्या मागे उभा होता. टेकडीवर काठी दिसत होती, काठीपाशी मास्तर, त्यांच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांतले बंदराचे कप्तानसाहेब. गुंडाळी टोकाला पोचली होती. बंदराच्या दगडी भिंतीच्या पलीकडे लढाऊ जहाजाचं करडं नाक हळूहळू पुढे येत होतं. सगळं यथासांग चाललेलं बघून चष्मेवाल्याने किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्या खूष होत्या. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः झेंड्याला इस्त्री केली होती. एवढे मोठे पाहुणे येणार आणि यांचा झेंडा चुरगळलेला, बरं दिसतं का. एकाला करायची तर शेजारच्यालाही करून टाकली, निखारे पेटलेलेच होते. दोन्ही छान एकावर एक घडी करून ठेवले.

"आणि काय सांगू," त्या म्हणाल्या, "कोणा शहाण्याने झेंड्याला बटण लावलेलं, सदऱ्याचं. इस्त्री अडली तेव्हा कळलं. कापून टाकलं मी. तुमच्या बाबांना बोलले नाही, उगाच कोणाची तरी नोकरी जायची."

चष्मेवाल्याने टेकडीकडे मान वर केली. वर गुंडाळी होती. तिच्यात काय होतं ते जगात कोणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनी सकाळी दोन्ही झेंडे चाचपले असणार, दोन्हींना बटण नसणार, आणि विचारायला माणूस नव्हता.

तो दोरखंडाखालून घुसला आणि पळत सुटला. मागे बायकोने हाक मारली, काय झालं म्हणून. टेकडीच्या पायथ्याशी पहारेकरी आडवा आला तेव्हा त्याने सांगितलं की वर बावटेमास्तरांना झटका आला आहे, औषध द्यायचं आहे. खिशातून चष्म्याची डबी काढून दाखवली. पहारेकरी घाबरून बाजूला झाला. पाठीमागे समुद्रावर पहिली तोफ धडाडली. जहाजाची सलामी सुरू झाली होती. एकवीस तोफा, दोन तोफांमध्ये पाच सेकंद. त्या संपल्या की किनाऱ्याची पहिली. त्याने हिशेब करायचा प्रयत्न केला आणि तो चौथ्या तोफेला सोडून दिला, कारण श्वास पुरत नव्हता. पायऱ्या संपत नव्हत्या. दहावी तोफ झाली तेव्हा त्याला पायाखाली पायरी आहे की नाही तेही कळेना, डोळ्यांपुढे सगळं पिवळं झालं, आणि आपल्यालाही पांढरं-पिवळं दिसेनासं झालं की काय या भीतीने तो आणखी जोरात पळाला.

वर पोचला तेव्हा तेरावी तोफ झाली. मास्तर काठीपाशी दोरी धरून ताठ उभे होते.  त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कप्तानसाहेबांनी मान वळवून या घामेघूम माणसाकडे अशी नजर टाकली की एरवी चष्मेवाला तिथूनच परत फिरला असता.

त्याने वर पाहिलं. गुंडाळीला निळा पट्टा बाहेरून पूर्ण वेढलेला होता. मधला रंग कुठेच दिसत नव्हता. मास्तरांची गुंडाळी नेहमी अशीच घट्ट असे.

चौदावी. पंधरावी.

अंदाजाने ओढायचं तर अजून ओढता येत होतं. बरोबर निघाला असता तर कोणाला कधीच काही कळलं नसतं. दोन महिन्यांनी हार, भाषणं, पस्तीस वर्षं. मास्तरांनी मान जावयाकडे वळवली. मग कप्तानसाहेबांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "जावईबापू, वर कोणता आहे?"

"सांगता येत नाही, बाबा. बटण कापलं गेलं."

"कसलं बटण?" कप्तानसाहेब म्हणाले. "कोणता म्हणजे काय?"

"साहेब, मला पांढरं आणि पिवळं ओळखू येत नाही," मास्तर म्हणाले. "दीड वर्ष होत आलं. वर पाहुण्यांचा झेंडा आहे की दुसरा, मला माहीत नाही."

सतरावी तोफ. कप्तानसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खाली आणा अशी खूण करायला त्यांनी हात उचलला, आणि झेंडा असा खाली घेता येतो का या शंकेने मध्येच थांबवला. 

"गुंडाळी म्हणजे अजून झेंडा नाही," मास्तर म्हणाले. "खाली आणता येते. नियम आहे." त्या क्षणीही नियम सांगताना त्यांचा आवाज थोडा सावरला.

गुंडाळी सरसर खाली आली. चष्मेवाल्याने ती धरली, पण ती इतकी घट्ट होती की काठ सुटेना. अठरा. कप्तानसाहेबांनी दातांनी काठ ओढला. निळ्याच्या घडीतून बोटभर मधला पट्टा बाहेर आला. तिघांनी डोकी एकत्र करून त्याच्याकडे पाहिलं, म्हणजे दोघांनी पाहिलं आणि तिसऱ्याने त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे.

"पिवळा," चष्मेवाला म्हणाला.

"नक्की?"

"पिवळाच आहे, बाबा. पाहुण्यांचाच होता."

 विसावी तोफ होईपर्यंत मास्तरांनी काठ आत ढकलला, फास आवळला आणि गुंडाळी टोकाला नेली. एकविसावी झाली, किनाऱ्याच्या तोफेने उत्तर दिलं, मास्तरांच्या मनगटाने एक झटका दिला आणि निळा-पिवळा-निळा झेंडा एकदम, एकही घडी न राहता उघडला. धक्क्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की इस्त्री आपण केली आहे.

त्याच आठवड्यात कागद निघाला. बावटेमास्तर दोन महिने आधी, चौतीस वर्षं दहा महिन्यांवर निवृत्त झाले. कारणाच्या रकान्यात 'दृष्टिदोष' असं लिहिलं होतं. निरोपाचा समारंभ झाला नाही, कारण कप्तानसाहेब नेमके तेव्हाच रजेवर गेले होते.